अंगणातला दवाखाना केवढा?

औषधाच्या दुकानात मिळणाऱ्या खोकल्याच्या कितीतरी बाटल्यांवर बारीक अक्षरांत 'ब्रोमहेक्झिन' किंवा 'अँब्रोक्सॉल' असं छापलेलं असतं. छातीत साचलेला घट्ट कफ पातळ व्हावा म्हणून डॉक्टर ही औषधं लिहून देतात. ती कारखान्यात तयार होतात, पण त्यांचा मूळ नमुना अडुळशाच्या पानात आहे. या पानात व्हॅसिसिन नावाचं द्रव्य असतं. त्याच्या रचनेत फेरफार करून जर्मन रसायनशास्त्रज्ञांनी ब्रोमहेक्झिन बनवलं आणि १९६३ मध्ये ते बाजारात आलं. अँब्रोक्सॉल ही त्याच्या पुढची पायरी. ब्रोमहेक्झिन पोटात गेल्यावर शरीर त्याचं जे रूपांतर करतं, तेच वेगळं तयार करून विकलं जाऊ लागलं.

मराठवाड्यात अडुळसा शेताच्या आणि परसाच्या कडेला लावतात, तेव्हा खोकल्याइतकाच शेळीचाही विचार असतो. पान इतकं कडू, की शेळीसुद्धा त्याला तोंड लावत नाही. कुंपण आपोआप राखलं जातं. पावसाळ्यात फांदीचा वीतभर तुकडा मातीत खोचला की तो मूळ धरतो. घरात कुणाला खोकला झाला की चार पानं तोडायची, वाफवून ठेचायची आणि पिळून निघालेला रस मधातून द्यायचा, ही रीत परभणीतल्या म्हाताऱ्या माणसांना सांगावी लागत नाही.

मग बाटलीत आणि पानात फरक कुठे आहे? ब्रोमहेक्झिनची नेहमीची गोळी ८ मिलिग्रॅमची असते, आज घेतली काय आणि सहा महिन्यांनी घेतली काय. पानात व्हॅसिसिन किती, हे मात्र ऋतूवर, झाडाच्या वयावर आणि पान कोवळं आहे की जून यावर ठरतं. शिवाय हेच व्हॅसिसिन गर्भाशयाचं आकुंचन घडवतं, म्हणून गरोदर बाईला अडुळशाचा रस द्यायचा नसतो. झाड ओळखीचं आहे का, त्याचा कोणता भाग घ्यायचा, किती घ्यायचा आणि कुणाला द्यायचा नाही, हे चार प्रश्न अंगणातल्या प्रत्येक औषधी झाडापुढे उभे असतात. लागवडीचं काम त्या मानानं सोपं. परभणीत तेही थोडं अवघडच जातं, त्यामुळे आधी मातीकडे वळायला हवं.

काळी माती, टोकाचं ऊन

परभणीचं हवामान झाडाची परीक्षा दोन्ही बाजूंनी घेतं. मे महिन्यात पारा ४४ अंशांच्या पुढे जातो, तर २०१८ च्या डिसेंबरअखेरीस कृषी विद्यापीठाच्या नोंदीत तो २ अंशांच्या आसपास उतरला होता. वर्षाचा बहुतेक पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडून जातो. उरलेल्या आठ महिन्यांत झाड जगवायचं ते नळाच्या, बोअरच्या नाहीतर सांडपाण्याच्या भरवशावर.

गोदावरीकाठच्या पाथरी, गंगाखेड, पूर्णा भागातली जमीन खोल काळी. कापसाला आणि ज्वारीला ती मानवते, कारण पावसाचं पाणी ती पोटात धरून ठेवते. कुंडीत मात्र हाच गुण उलटतो. ही माती भिजली की फुगते, निचरा थांबतो आणि मुळं गुदमरतात. वाळली की आकसते, कुंडीच्या कडेला बोटभर फट पडते आणि घातलेलं पाणी त्या फटीतून थेट खाली निघून जातं. त्यामुळे कुंडीसाठी नुसती काळी माती वापरत नाहीत. एक भाग काळी माती, एक भाग जाड वाळू किंवा बारीक मुरूम आणि एक भाग चांगलं कुजलेलं शेणखत असं मिश्रण बहुतेक औषधी झाडांना चालतं. जिंतूरकडच्या डोंगराळ पट्ट्यात जमीन हलकी आणि मुरमाड आहे. तिथे कोरफड, अश्वगंधा यांसारख्या झाडांना काही मिसळावंही लागत नाही.

लागवडीची वेळ शेतकऱ्यांच्या वेळापत्रकाशी जुळते. परभणीचं कृषी विद्यापीठ १८ मे १९७२ रोजी स्थापन झालं आणि २०१३ पासून ते वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ म्हणून ओळखलं जातं. दरवर्षी १८ मेच्या वर्धापनदिनी तिथे खरीप मेळावा भरतो आणि बियाणं घ्यायला मराठवाडाभरातून शेतकरी येतात. अंगणातल्या झाडांचीही तयारी याच सुमारास करायची. कुंड्या भरून ठेवाव्यात, खड्डे तापू द्यावेत आणि मृगाचे दोन चांगले पाऊस झाले की छाटे खोचावेत. मे महिन्यात लावलेला छाटा पाणी घालूनही करपतो. जुलैत लावलेला विसरला तरी फुटतो.

पाण्याचा सगळ्यांत चांगला उपयोग गवती चहा करतो. मोरीच्या किंवा हातपाय धुण्याच्या पाण्याची वाट जिथे जाते, तिथे त्याचा एक गड्डा लावला की वर्षभर पानं मिळतात. त्या पाण्यात कपडे धुण्याचा सोडा मात्र नको. दोन-तीन वर्षांनी गड्डा दाट होऊन मधून वाळू लागतो. तो उपटायचा, फोडायचा आणि मुळांसकट एकेक काडी नव्या जागी लावायची. लिंबासारखा वास देणारं सिट्राल हे त्याच्या तेलातलं मुख्य द्रव्य. ते उडून जाणारं असल्यामुळे पानं झाकण ठेवूनच उकळावीत.

तुळशीची गोष्ट थोडी वेगळी आहे. दारापुढच्या वृंदावनातली तुळस हिवाळ्यात काळवंडली की घरातली माणसं हळहळतात, पण ती फार वर्षं जगणारी वनस्पतीच नाही. मंजिरी धरली, बी पिकलं की झाडाचं काम संपत येतं. मंजिरी कोवळी असतानाच खुडत राहिलं तर पानं जास्त दिवस मिळतात. एखादी मंजिरी मुद्दाम पिकू द्यायची आणि तिचं बी मृगात टाकायचं, म्हणजे जुनी वाळायच्या आत नवी हाताशी येते. थंडीच्या लाटेत रात्री वृंदावनावर गोणपाट टाकलं तरी पुरतं. तिच्या पानातलं युजेनॉल लवंगेतही असतं. पान चावल्यावर जिभेला लागणारा तो तिखट बधिरपणा याच द्रव्याचा.

रात्री श्वास घेणारी पानं

उन्हाळ्यात दोन आठवडे घर बंद राहिलं तरी जी झाडं तग धरतात, त्यांत कोरफड आणि पानफुटी पुढे. यामागचं कारण दोनशे वर्षांपूर्वी भारतातच एका माणसाच्या जिभेवर आलं होतं. बेंजामिन हाइन हा ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीतला वनस्पतिशास्त्रज्ञ मद्रास इलाख्यात काम करत असे. पानफुटीचं पान सकाळी चाखलं तर आंबट लागतं, दुपारी बेचव आणि संध्याकाळी किंचित कडवट, असं त्यानं लंडनच्या लिनियन सोसायटीला पत्रातून कळवलं. ते पत्र १८१५ मध्ये छापलं गेलं.

त्या आंबटपणाचा उलगडा पुढे शतकभरानंतर झाला. बहुतेक झाडं दिवसा पानांची सूक्ष्म छिद्रं उघडतात आणि हवेतला कार्बन डायऑक्साइड आत घेतात. त्याच छिद्रांतून पाण्याची वाफही बाहेर पडते. पानफुटी आणि कोरफड ही छिद्रं दिवसा मिटून घेतात आणि रात्री गारव्यात उघडतात. रात्री आत घेतलेला वायू आम्लाच्या रूपात साठवला जातो, म्हणून पहाटे पान आंबट. दिवसा उन्हाच्या मदतीनं तेच आम्ल मोडून साखर बनते, म्हणून संध्याकाळी आंबटपणा नाहीसा. परभणीच्या मे महिन्यात दुपारी छिद्रं बंद ठेवणाऱ्या झाडाला पाणी किती कमी लागेल, हे वेगळं सांगायला नको. अशा झाडांना जास्त पाणी घालणं हेच त्यांच्या मरणाचं सर्वांत मोठं कारण असतं.

हाइनचा प्रयोग मात्र घरी करून पाहू नये. पानफुटीत हृदयाच्या गतीवर परिणाम करणारी द्रव्यं असतात आणि ती खाऊन गुरं दगावल्याच्या नोंदी ऑस्ट्रेलियात आहेत. आपल्याकडे मुतखड्यावर तिचं पान खाण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. पाच मिलिमीटरपेक्षा लहान खडे बहुतेक वेळा भरपूर पाणी प्यायल्यावर आपसूक पडतात. त्या आठवड्यात पान खाल्लेलं असेल तर श्रेय पानाला जातं.

कोरफडीच्या बाबतीत भाग निवडण्याला महत्त्व आहे. पान कापलं की सालीलगत पिवळा, कडू चीक पाझरतो आणि आत पारदर्शक गर असतो. चिकातल्या अ‍ॅलॉइनमुळे जोरदार जुलाब होतात. अमेरिकेच्या औषध प्रशासनानं २००२ मध्ये दुकानात विनाचिठ्ठी मिळणाऱ्या रेचकांतून कोरफडीचा चीक काढून टाकायला लावला. भाजल्यावर किंवा उन्हानं कातडी लाल झाल्यावर लावायचा असतो तो गर. पान कापून ते दहा-पंधरा मिनिटं उभं धरून ठेवलं की चीक निथळतो. मग साल काढून गर पाण्यानं धुवायचा. भाजलेल्या जागेवर आधी दहा-वीस मिनिटं वाहतं थंड पाणी आणि मग गर, हा क्रम. फोड आले असतील, भाजलेली जागा तळहातापेक्षा मोठी असेल किंवा चेहरा भाजला असेल तर कोरफड बाजूला ठेवून दवाखाना गाठायचा.

लिंबावरची गुळवेल

मराठवाड्यात कडुनिंबाला लिंब म्हणतात आणि लिंबावर चढलेली गुळवेल सर्वांत गुणकारी समजतात. तिला वाढवायला काही लागत नाही. अंगठ्याएवढ्या जाडीचा छाटा पावसाळ्यात लिंबाच्या बुंध्याशी लावला की ती वर चढते. वरून तुटली तरी फांदीवरून दोऱ्यासारखी मुळं जमिनीपर्यंत सोडते आणि पुन्हा जगते.

करोनाच्या काळात या वेलीचं नशीब एकदम बदललं. प्रतिकारशक्ती वाढावी म्हणून घराघरांत तिचा काढा उकळू लागला. २०२० च्या सप्टेंबर ते डिसेंबर या काळात मुंबईतल्या यकृततज्ज्ञांकडे सहा रुग्ण आले. त्यांच्या यकृताला सूज होती आणि सगळ्यांनी गुळवेल घेतलेली होती. २०२१ मध्ये या रुग्णांची माहिती वैद्यकीय नियतकालिकात आली, तेव्हा आयुष मंत्रालयानं आक्षेप घेतला. ती गुळवेलच होती हे तपासलेलं नाही, दुसरी जात असू शकते, असं मंत्रालयाचं म्हणणं होतं. पुढच्या वर्षी देशभरातल्या १३ रुग्णालयांतल्या ४३ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात वनस्पतीची ओळखही पटवली होती आणि ती गुळवेलच निघाली. अनेक रुग्णांत शरीराची प्रतिकारयंत्रणा स्वतःच्याच यकृतावर हल्ला करत असल्याची लक्षणं दिसली.

प्रतिकारशक्ती चेतवणाऱ्या वनस्पतीचा धोका ज्यांना अधिक, ते रुग्ण यातून लक्षात येतात: थायरॉईड, संधिवात यांसारखे स्वप्रतिकार विकार असलेले आणि आधीपासून यकृताचा त्रास असलेले. परंपरेनंही गुळवेल वर्षानुवर्षं, रोज सकाळी, कप भरून प्यायला सांगितलेली नव्हती. ती तापात, काही दिवसांपुरती आणि वैद्यानं ठरवलेल्या मात्रेत दिली जायची. काढ्याची सवय लागली ती अलीकडे. काढा घेत असताना लघवी गडद झाली, डोळे पिवळे दिसू लागले किंवा अन्नावरची वासना गेली, तर काढा त्याच दिवशी बंद करून रक्त तपासावं.

वेलीची ओळखही जपून करावी लागते. गुळवेलीचं पान हृदयाच्या आकाराचं आणि गुळगुळीत असतं. खोडावर बारीक पुळ्यांसारखे ठिपके दिसतात. वरची कागदासारखी साल नखानं खरवडली की आत हिरवा थर लागतो आणि खोड आडवं कापलं तर चाकाच्या आऱ्यांसारखी रचना दिसते. तिची एक जवळची बहीण टिनोस्पोरा क्रिस्पा. तिच्या खोडावर मोठाले खडबडीत गुठळे असतात आणि यकृताच्या त्रासाशी तिचं नाव आधीपासून जोडलेलं आहे.

नाव एक, झाडं अनेक

ओळखीचा गोंधळ बघायला लांब जायला नको. परभणीतल्या शाळांच्या, कचेऱ्यांच्या आणि बंगल्यांच्या आवारात कुंपणालगत सरळ उंच वाढलेला, लांब झुलत्या पानांचा 'अशोक' असतो. अशोकारिष्टात पडतो तो अशोक हा नव्हे. तो सीता अशोक. त्याला नारिंगी-लाल फुलांचे घोस येतात आणि परभणीच्या कोरड्या हवेत तो क्वचितच फुलतो. ब्राह्मीचंही तसंच. महाराष्ट्रात ब्राह्मी म्हणून विकली जाणारी गोल पानांची वेल बहुतेक वेळा मंडूकपर्णी असते. दुसरी ब्राह्मी, जाड बुटक्या पानांची आणि पांढरट-निळ्या फुलांची, ओल्या जागेत वाढते. दोन्हींना आयुर्वेदात स्थान आहे, पण त्यांतली द्रव्यं वेगळी, तेव्हा कुंडीवर नाव लिहिताना कोणती ते माहीत हवं.

गणपतीला वाहायच्या २१ पत्रींकडे वनस्पतींची शाळा म्हणून बघावं. तुळस, बेल, दूर्वा, आघाडा, माका, डाळिंब, शमी, अर्जुन यांच्या पंक्तीत धोत्रा, कण्हेर आणि रुईही बसलेली असतात. धोत्र्याच्या बियांनी माणूस भ्रमिष्ट होतो, कण्हेरीच्या पानानं हृदय बंद पडू शकतं, रुईचा चीक डोळ्यात गेला तर दृष्टी जाण्याची भीती. पूर्वी मुलं भाद्रपदात बांधाबांधानं फिरून पत्री गोळा करायची. औषध आणि विष ओळखायची रीत त्यातच त्यांच्या हाती लागायची. आज बाजारात पत्रीची जुडी बांधूनच मिळते.

मात्र औषधासाठी आता बांधावरून पाला आणू नये, आणि त्याला कारण आहे. हा कापसाचा आणि सोयाबीनचा पट्टा. पिकावर कीटकनाशक आणि तणावर तणनाशक फवारलं की वाऱ्यासोबत ते बांधावरच्या आघाड्यावर, माक्यावर आणि तरोट्यावर बसतं. २०१७ मध्ये शेजारच्या विदर्भात, यवतमाळ जिल्ह्यात, कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन २० हून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले, तेव्हा ही रसायनं किती जहाल आहेत हे साऱ्या राज्याला कळलं. ज्या पाल्याचा रस पोटात जाणार, तो स्वतःच्या कुंडीतला असलेला बरा. तिथे मावा किंवा पिठ्या ढेकूण आलाच तर ५ टक्के निंबोळी अर्क पुरतो. ५० ग्रॅम वाळलेल्या निंबोळ्या भरड कुटून रात्रभर पाण्यात भिजवायच्या, सकाळी गाळून एक लिटर पाणी करायचं आणि संध्याकाळी फवारायचं. निंबोळ्या जून-जुलैत लिंबाखाली सडा पडलेल्या मिळतात.

सहाणेवरचा हिशोब

मराठी घरात औषध मोजायचं एक जुनं साधन होतं, ते म्हणजे सहाण. बाळगुटीतली वेखंड, मायफळ, मुरुडशेंग, हिरडा, ज्येष्ठमध, हळकुंड ही एकेक वस्तू सहाणेवर दुधात किंवा पाण्यात फिरवायची. कुठल्याला एक वळसा, कुठल्याला दोन. वळसे मोजणं म्हणजे मात्रा मोजणं. बाळाच्या वयाबरोबर वळसे वाढत जायचे आणि हा हिशोब सासूकडून सुनेकडे यायचा.

त्या हिशोबातली एक नोंद मात्र आता बदलावी लागते. वेखंडात बीटा-अ‍ॅसॅरोन असतं. प्राण्यांवरच्या प्रयोगांत त्यानं गाठी झाल्या, म्हणून अमेरिकेनं १९६८ मध्ये खाद्यपदार्थांत वेखंड वापरायला बंदी घातली. भारतीय वेखंडात हे द्रव्य युरोपातल्या जातींपेक्षा जास्त असतं. जागतिक आरोग्य संघटना सांगते की पहिले सहा महिने बाळाला आईच्या दुधाखेरीज काही देऊ नये, पाणीसुद्धा नाही. सहाण नीट धुतली नसेल, पाणी उकळलेलं नसेल, तर गुटीतून जंतूही पोटात जातात. घराच्या मागे ओलीत वेखंड लावायला हरकत नाही. त्याच्या वाळलेल्या मुळ्या धान्याच्या कणगीत किडीला आवरतात.

हळदीचा प्रवास याच्या उलट दिशेनं झाला. वसमत हे हळदीचं मोठं गाव १ मे १९९९ रोजी हिंगोली जिल्हा वेगळा होईपर्यंत परभणी जिल्ह्यातच होतं. २०२४ मध्ये वसमतच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळालं. त्याच्या बरीच वर्षं आधी, १९९५ मध्ये, अमेरिकेत मिसिसिपी विद्यापीठातल्या दोघा संशोधकांना जखमेवर हळद लावण्याचं पेटंट मिळालं होतं. डॉ. रघुनाथ माशेलकर तेव्हा वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेचे महासंचालक होते. परिषदेनं जुने ग्रंथ आणि शोधनिबंध पुरावा म्हणून मांडले आणि १९९७ मध्ये ते पेटंट रद्द झालं. आजीच्या हळदीला कागदाचा आधार लागला, तो असा.

हळद कुंडीतही येते. अक्षय्य तृतीयेच्या सुमारास डोळे फुटलेलं हळकुंड खोल कुंडीत किंवा गोणीत लावायचं आणि कुंडी अर्ध्या सावलीत ठेवायची. आठ-नऊ महिन्यांनी पानं पिवळी पडून वाळली की काढायची. तिच्यातलं कर्क्युमिन आतड्यांतून फारसं शोषलं जात नाही. १९९८ मध्ये बंगळूरच्या संशोधकांनी दाखवलं की मिऱ्यातलं पिपेरिन सोबत दिलं तर रक्तात पोचणारं कर्क्युमिन वीसपट वाढतं. मिरपूड टाकलेल्या हळदीच्या दुधाचं बळ त्यात आहे. पण पिपेरिन इतर औषधांचंही शोषण वाढवतं, त्यामुळे मिरगीच्या गोळ्या चालू असलेल्या माणसानं असं दूध रोज घेण्याआधी डॉक्टरांना विचारलेलं बरं.

कुंडीत शोभेल, पोटात नको

सदाफुली परभणीच्या उन्हात बारा महिने फुलते आणि मधुमेहावर तिची पानं किंवा फुलं चावून खाणारी माणसं गावोगाव भेटतात. हीच समजूत जमैकातही होती. तिथून आलेली पानं कॅनडातले संशोधक रॉबर्ट नोबल यांनी तपासली. साखरेवर परिणाम दिसला नाही, पण प्रयोगातल्या प्राण्यांच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी झपाट्यानं घटल्या. चार्ल्स बिअर यांच्यासोबत त्यांनी १९५८ मध्ये व्हिनब्लास्टिन वेगळं केलं. त्याचा भाऊबंद व्हिनक्रिस्टिन आज मुलांच्या रक्ताच्या कर्करोगावर जगभर वापरला जातो. एक ग्रॅम व्हिनक्रिस्टिनला शेकडो किलो वाळलेली पानं लागतात आणि ते शिरेतून, मिलिग्रॅममध्ये मोजून देतात. रोज पानं चावणाऱ्याच्या पोटात यातलं काय आणि किती जातं, हे मोजायची सोय घरात नाही.

सर्पगंधेच्या बाबतीत असं मोजमाप झालं ते मुंबईत. डॉ. रुस्तम जाल वकील यांनी उच्च रक्तदाबाच्या रुग्णांना सर्पगंधा देऊन त्यांचे रक्तदाब नोंदवले आणि १९४९ मध्ये ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यानंतर तीन वर्षांत स्वित्झर्लंडमधल्या सिबा कंपनीनं तिच्यातलं रेझर्पिन वेगळं केलं. मोजून दिल्यामुळे तिचे गुण कळले तसे दोषही कळले. काही रुग्णांना या औषधानं गंभीर नैराश्य आलं.

कुठे थांबायचं

या सगळ्यातून परभणीच्या अंगणापुरती यादी लहानच उरते. सर्दीला आणि घशाला तुळस, गवती चहा आणि पानओवा, कफाला अडुळसा, साध्या भाजण्याला कोरफडीचा गर, स्वयंपाकाला आणि खरचटण्याला हळद. प्रत्येक कुंडीवर झाडाचं नाव, वापरायचा भाग आणि कुणाला चालत नाही, हे तेलरंगानं लिहून ठेवलं तर घरात पाहुणे किंवा मुलं असतानाही चूक होत नाही. पानं सकाळी दव गेल्यावर तोडावीत, सावलीत पातळ पसरून वाळवावीत आणि तारीख लिहिलेल्या काचेच्या बरणीत ठेवावीत. उन्हात वाळवलं तर ज्या तेलासाठी पान ठेवायचं, तेच उडून जातं. सहा महिन्यांत वास गेला असेल तर बरणी रिकामी करावी.

तीन दिवसांत न उतरलेला ताप, दोन आठवड्यांहून लांबलेला खोकला, कफात रक्त, लहान मुलाची धाप, छातीतली कळ, हे अंगणाच्या बाहेरचं काम. दोन आठवड्यांच्या खोकल्याला सरकारी दवाखान्यात क्षयाची थुंकीतपासणी फुकट होते. सापाला आणि विंचवाला तर एक क्षणही पाल्यात घालवू नये. विंचवावर आघाड्याचं मूळ उगाळून लावायची जुनी रीत आहे, पण लाल विंचवाचं विष हृदयावर जातं. जालना जिल्ह्यात जन्मलेले डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी महाडला वर्षानुवर्षं असे रुग्ण पाहिले आणि रक्तदाबावरच्या प्राझोसिन या गोळीनं ते वाचतात, हे १९८६ मध्ये लॅन्सेटमधून जगाला सांगितलं. त्यानंतर विंचूदंशानं होणारे मृत्यू झपाट्यानं घटले. प्राझोसिन जितक्या लवकर मिळेल तितकं बरं, म्हणून मूळ उगाळण्यात गेलेला अर्धा तास महागात पडतो.

आणखी एक अडचण दवाखान्यातच दिसते. दुसरं काही औषध चालू आहे का, असं डॉक्टर विचारतात तेव्हा रुग्ण नाही म्हणतो, कारण काढा किंवा पाल्याचा रस त्याच्या लेखी औषध नसतो. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यानं हळदीच्या गोळ्या आणि रोजचा तुळशीचा रस, मधुमेहाच्या गोळ्या घेणाऱ्यानं गुळवेल आणि कारल्याचा रस, आणि शस्त्रक्रिया ठरलेल्यानं या सगळ्यांची नावं डॉक्टरांना सांगायला हवीत. दवाखान्याच्या फाइलमध्ये गोळ्यांच्या चिठ्ठीशेजारी काढ्यातल्या झाडांचीही यादी लावून नेली, तर साखर अचानक का उतरली किंवा यकृताचा आकडा का चढला, हे शोधायला डॉक्टरांना आठवडा लागत नाही.